चार बटणं, एक नदी आणि पिंपळाला ठोकलेले खिळे

या अंकासाठी प्रश्न मागवले तेव्हा वाटलं नेहमीसारखं सोसायटीचं पार्किंग आणि वरच्या मजल्यावरचं लीकेज येईल, पण पुण्यात १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान आहे, जवळजवळ चार वर्षं प्रशासकराज झाल्यावर, त्यामुळे अर्धी पत्रं उमेदवारांबद्दलचीच आलीत. आणि त्यातली बरीचशी नदी, झाडं, पाणी यावरची. पाच घेतलीयेत, थोडी कापून.

आमच्याकडे आत्तापर्यंत सात जण प्रचाराला येऊन गेले. सातही पत्रकांवर ‘स्वच्छ नदी, हरित पुणे’ आहे. फरक कसा ओळखायचा? – एक वाचक, सिंहगड रोड

पत्रकावरून ओळखता येणारच नाही हो, मला तर वाटतं सगळ्यांचा डीटीपीवाला एकच आहे, बदक आणि सूर्यसुद्धा तेच असतात. नदीबद्दल विचारायचं तर तिचे तुकडे करून विचारा. पुण्यात नदीच्या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात. एक म्हणजे मैलापाणी, त्यासाठीचा जायकाचा, म्हणजे जपानी संस्थेच्या पैशाचा, प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला, ९९० कोटींचा, त्यात ११ नवीन शुद्धीकरण केंद्रं. दुसरं म्हणजे काठ, तो नदीकाठ सुधार प्रकल्प, मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर, ज्याचं भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं आणि ज्यातल्या वृक्षतोडीविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये लोकांनी चिपको केलं. तिसरं म्हणजे पूर. आता होतं काय, उमेदवार ‘नदी सुधारणार’ म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा दुसऱ्याबद्दल बोलत असतो आणि आपल्याला पहिलं ऐकू येतं. त्याच्या डोळ्यासमोर जॉगिंग ट्रॅक असतो, आपल्या नाकासमोर वास.

म्हणून साधं विचारा, आमच्या गल्लीचं ड्रेनेज कुठल्या केंद्रात जातं? त्या ११ पैकी आज किती चालू आहेत? नाही माहीत असं म्हणाला तरी चालेल, उद्या शोधून फोन करतो म्हणाला आणि केला तर तो बरा माणूस. मी आमच्याकडच्या एकांना हे विचारलं तर ते मागे वळून कार्यकर्त्याला म्हणाले, लिहून घे रे, ताईंचं चेंबर तुंबलंय.

आणि तुम्ही सिंहगड रोडचे, म्हणजे २५ जुलै २०२४ तुम्हाला मी काय सांगणार, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं, लष्कर बोलवावं लागलं. त्यामुळे तुमच्यासाठी खरा प्रश्न पूररेषेचा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. या रेषा जलसंपदा खातं आखतं, पण नदीपात्रात रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात ते थांबवणं, ओढ्याची भिंत, बांधकाम परवानगीवर सभागृहात ओरडणं, हे महापालिकेतलं काम आहे. आंबिल ओढ्याच्या पुराने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय केलं ते सहकारनगरवाले अजून विसरले नाहीयेत. ‘राडारोडा टाकताना गाडी दिसली तर तुम्हाला रात्री अकराला फोन करू का’ एवढं विचारून बघा, उत्तर चेहऱ्यावरच मिळेल.

आमच्या गल्लीतले दोन मोठे पर्जन्यवृक्ष रस्ता रुंदीकरणात जाणार म्हणतात. एक उमेदवार सांगून गेले, काळजी करू नका, एका झाडाच्या बदल्यात दहा लावू. विश्वास ठेवावा का? – एक वाचक, कर्वेनगर

दहाचा आकडा त्यांनी कुठून काढला ते आधी विचारा. झाडांचा कायदा १९७५ चा आहे, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि तिच्यानुसार तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावायची, ती सुद्धा सहा-आठ फुटांची, आणि सात वर्षं जगवायची. ५० वर्षं किंवा त्याच्या वरचं झाड असेल तर ते हेरिटेज. तुमचा पर्जन्यवृक्ष साठीचा असेल तर साठ झाडं होतात. म्हणजे तुमचे उमेदवार एवढ्या प्रेमाने कायद्यापेक्षा पन्नास झाडं कमी देतायत!

यात नगरसेवकाचा हात असतो हे मात्र खरं. वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त, आणि नगरसेवक सदस्य. मार्च २०२२ ला मुदत संपल्यापासून तिथे नगरसेवक नव्हतेच. तेव्हा निवडून आल्यावर प्राधिकरणावर जायला तयार आहात का, आणि गेलात तर कुठल्या झाडाला हो म्हणालात ते आम्हाला कळवाल का, हे विचारता येतं. कुणालाच तिथे जायची हौस नसते, सगळ्यांना स्थायी समिती हवी असते.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. झाड तोडायचं तर पेपरात जाहिरात आणि झाडावर ठळक दिसेल अशी नोटीस लागते. आमच्या गल्लीत ती लावली होती, सुतळीने बांधून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पण खोडाच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथे फक्त मांजर जातं. पोरांचा बॉल तिकडे गेला म्हणून सापडली. आम्ही साध्या कागदावर हरकत लिहिली, अकरा सह्या, दोन कॉपी, एकीवर आवक-शिक्का मारून घेतला. दोनपैकी एक झाड राहिलं. दुसरं एका शनिवारी सकाळी सातला गेलं, सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करणार. तर तुम्ही आजच दोन्ही खोडांना पूर्ण चक्कर मारून या.

ताई, ही नदी-टेकडी म्हणजे तिकडच्या लोकांचे चोचले आहेत. आमचं गाव महापालिकेत जाऊन इतकी वर्षं झाली, टॅक्स वाढला, पाणी अजून टँकरचं. आम्ही पर्यावरण बघून मत का द्यायचं? – एक वाचक, नांदेड गाव परिसर, पुणे

राग अगदी बरोबर आहे तुमचा. फक्त एक म्हणते, जानेवारी २०२५ आठवा. जीबीएसचे, म्हणजे त्या गिया-बारे नावाच्या नसांच्या आजाराचे, पेशंट कुठे निघाले होते, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, तुमच्याच पट्ट्यात. धडधाकट माणसांचे हातपाय गळून गेले, काही व्हेंटिलेटरवर गेले, आणि पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी निघाला, जो घाण पाण्यातून, अन्नातून पोटात जातो. यातली बरीच गावं २०२१ मध्ये महापालिकेत आलेली. तेव्हा विहिरीत क्लोरिन किती, ड्रेनेजची लाईन पाण्याच्या लाईनला कुठे चिकटून जाते, टँकर भरतो कुठे, हेच तर पर्यावरण आहे, ते टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांच्या नावावर कुणी केलंय.

तुमच्याकडे उमेदवार आला की त्याला ओटी टेस्टबद्दल विचारा. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरिन आहे, नाही झालं तर नाही, आशाताईंनासुद्धा माहिती असतं. मागणी अशी करा की तुमच्या भागातल्या टेस्टचे फोटो दर आठवड्याला प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायला हवेत. गुड मॉर्निंगचे येतातच की. पाईपलाईन पाच वर्षांत होईल की नाही माहीत नाही, पण हे पहिल्या महिन्यात होऊ शकतं, त्यामुळे नाही झालं तर माणूस तिथल्या तिथे कळतो.

मी पहिल्यांदा मतदान करणार आहे. आमच्या प्रभागात एक उमेदवार झाडं, कचरा यावर खरंच काम करतात, पण बाकी तिघं त्यांच्या पॅनलचे मला पटत नाहीत. पॅनललाच मत द्यावं लागतं का? – एक वाचक, कोथरूड

अजिबात नाही. प्रचारात सगळे ‘चारही बटणं आपलीच’ म्हणतात म्हणून तसं वाटतं. एकूण १६५ जागा, ४१ प्रभाग, बहुतेक प्रभाग चार जणांचे, म्हणून अ, ब, क, ड अशी चार मतं. प्रत्येक जागेला वेगळा पक्ष, अपक्ष, नोटा, काहीही चालतं. फक्त एकच बटण दाबून निघू नका, चारही दाबली की मग लांब बीप येतो.

जायच्या आधी शपथपत्रं बघा, गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं असतं त्यात. बांधकामाचा व्यवसाय असेल तर त्यात काही पाप नाही, पण मग टेकड्यांवरच्या बीडीपी म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाबद्दल आणि वेताळ टेकडीच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याबद्दल त्यांना हो की नाही एवढंच विचारा. विकास आराखड्यातल्या मोठ्या बदलांवर शेवटचा शिक्का राज्य सरकारचा असतो, ‘आमच्या हातात नाही’ हे उत्तर येणार, ते अर्धं खरंय. ठराव मात्र मुख्य सभेत होतो आणि हात तिथे वर करावा लागतो.

माझे काका उभे आहेत. जाहीरनाम्यात पर्यावरणाचे दोन-तीन मुद्दे टाकायचे आहेत, तुम्ही सुचवाल का? लोकांना आवडतील असे. – एक वाचक, नाव छापू नका

नाही छापत. ‘आवडतील असे’ हे वाचून हसू आलं, पण मागितलेत तर देते. एक, दरवर्षी ३१ जुलैच्या आत आयुक्तांनी शहराचा पर्यावरण अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो, कायद्यातच आहे. गेली काही वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक म्हणजे आयुक्तच, मांडणारा आणि ऐकणारा एकच माणूस. काकांनी लिहावं की तो अहवाल वाचून प्रभागासाठी त्यातलं काय निघतं ते ऑगस्टमध्ये लोकांना सांगेन. दोन, सोलर, गांडूळ खत, पावसाचं पाणी साठवणं यापैकी एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन केली तर १० टक्के सवलत मिळते, पण कित्येक सोसायट्यांना ते कागद कुठे द्यायचे तेच कळत नाही, त्यासाठी ऑफिसात एक माणूस बसवा. तीन, स यादीतल्या, म्हणजे नगरसेवकाला प्रभागातल्या कामांसाठी मिळणाऱ्या, पैशांतून बाकडी आणि पेव्हर ब्लॉक कमी करा, निदान झाडाच्या बुंध्याशी तरी सोडा चहूबाजूंनी मीटरभर माती, आमच्याकडे तर खोडाला सिमेंटचा गळपट्टा घातलाय. कचरावेचक ताईंना पावसाळ्यात कचरा वेगळा करायला शेड द्या, हा चौथा झाला, असू दे.

संक्रांत मतदानाच्या आदल्याच दिवशी आहे, तेव्हा हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे वाटायचा कुणाचा विचार असेल तर आचारसंहिता आहे हेही काकांना सांगा.

आणि पत्रावरून प्रभाग ओळखलाय मी. काकांचा बोर्ड आमच्या कोपऱ्यावरच्या पिंपळाला ठोकलाय, चार खिळे, खालचा उजवीकडचा चांगला बोटभर आत गेलाय. पक्कड माझ्याकडे आहे, संध्याकाळी सहानंतर घरीच असते.