करणी, मूळ आणि तिन्हीसांजेची शंका

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी मराठी माध्यमात नववीला आहे. परवा गणिताचं पुस्तक मोठ्याने वाचत होती, "करणीची कोटी सांगा." सासूबाई दचकल्या, "तिन्हीसांजेला करणीचं नाव कशाला?" शब्द तोच का? आणि ३२ चा ४/५ वा घात मूळ वापरून लिहायचा तर वाचायचा कसा?

ताई, दोन्ही शब्द 'कृ' धातूचेच, पण वाटा निराळ्या. आमच्या सातारा भागातही तिकटीवर लिंबू-टाचण्या दिसल्या की आजी हाताला धरून बाजूने न्यायची, "करणी केलीय कुणीतरी." तिथे करणी म्हणजे केलेली गोष्ट. 'जशी करणी तशी भरणी' यातही तीच. गणितातली करणी, म्हणजे पूर्ण न सुटणारं मूळ (कितवं मूळ, ती तिची कोटी), मात्र 'करणारी' या अर्थाची. शुल्बसूत्रांच्या, म्हणजे वेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांच्या, काळी यज्ञवेदी दोरीने आखत. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस जी दोरी करते ती द्विकरणी, तिप्पट करते ती त्रिकरणी. रज्जू (दोरी) स्त्रीलिंगी, म्हणून तीही स्त्रीलिंगी. बाजू १ असेल तर द्विकरणी म्हणजे आपलं √२. बाराव्या शतकात भास्कराचार्य अशा संख्येआधी नुसतं 'क' लिहीत. √ हे चिन्ह छापलं गेलं ते फार पुढे, १५२५ साली, एका जर्मन पुस्तकात. सासूबाईंना ही दोरीची गोष्ट जरूर सांगा, मला ती फार आवडते.

आता वाचन. घातांक अपूर्णांक असला की छेद मूळ सांगतो आणि अंश घात. मी मुलांना म्हणते, मूळ जमिनीखाली, छेद रेघेखाली. एवढं डोक्यात बसलं की उलटापालट होत नाही. म्हणून ३२ चा ४/५ वा घात म्हणजे '३२ च्या पाचव्या मुळाचा चौथा घात', किंवा '३२ च्या चौथ्या घाताचे पाचवे मूळ'. उत्तर दोन्हीकडून १६ च. पण दुसऱ्या वाटेने गेलात तर आधी १०,४८,५७६ लिहून मग त्याचं पाचवं मूळ शोधत बसावं लागतं. पहिल्या वाटेने ३२ चं पाचवं मूळ २, त्याचा चौथा घात १६, झालं. मुलीला 'मुळाचा घात' असंच वाचायला लावा. वाचण्यातच सोडवण्याचा क्रम येतो.

छेदाला मूळ का म्हणायचं, हेही तिला विचारू द्या. ८ चा १/३ वा घात घ्या. त्याचा घन केला की घातांकांचा गुणाकार १/३ × ३, म्हणजे १, आणि हाती ८. ज्याचा घन ८ ते ८ चं घनमूळ, म्हणजे २.

एका शब्दावर मात्र मी अडून बसते. असं रूपांतर करायला सांगताना काही जण 'करणी रूपात लिहा' म्हणतात. मला 'मूळ रूपात' हेच बरोबर वाटतं. ५ चा २/३ वा घात म्हणजे २५ चं घनमूळ. ते अपरिमेय, म्हणजे अपूर्णांकातही नेमकं लिहिता न येणारं, म्हणून ती करणी. पण ३२ च्या उदाहरणात उत्तर सरळ १६ आलं, तिथे करणी उरलीच नाही. घोटाळा होतो तो √ ला करणीचिन्ह म्हणतात म्हणून. चिन्ह असलं तरी √९ ही करणी नव्हे, ते ३ आहेत.

आणि वहीत 'घनमूळाचा' दिसलं तर दुरुस्त करा: मूळ, पण मुळाचा, घनमूळ, पण घनमुळाचा. फूल-फुलाचा, तसंच.