वाड्यात सापडलेली गंजकी कुऱ्हाड पुन्हा वापरात आणता येईल का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की सिन्नरकडे मामांचा वाडा उतरवताना माळ्यावर कुऱ्हाड सापडली, दांडा वाळवीनं पोखरलाय, पात्यावर गंजाचे पापुद्रे आहेत. आणि कुणीतरी सांगितलंय की चुलीत टाकून दांडा जाळा, मग ग्राइंडरवर चमकवून घ्या. आधी एवढंच ऐका: चुलीत टाकू नका. बाकीचं सावकाश बोलू.

मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. कुऱ्हाडींचा नाद उशिरा लागला, अंबड लिंक रोडला भंगार बाजार होता तेव्हा. किलोच्या भावानं आणलेली पाती साफ करता करता घरात अकरा कुऱ्हाडी झाल्या. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून नाशिकमध्ये वातावरण तापलं होतं, त्याच आठवड्यात मी गॅलरीत धार लावत बसलेला शेजारच्या काकूंना दिसलो. तेव्हापासून त्या माझ्याशी जरा बेतानंच बोलतात. उभं झाड मी आजवर एकही पाडलेलं नाही, गावी गेलो की सरपण फोडतो तेवढंच.

आता चूल का नको. लोहार धारेला पाणी देतो, म्हणजे लाल तापवून विझवतो. त्यानं पोलाद कडक होतं पण काचेसारखं ठिसूळ, म्हणून पुन्हा बेताची ऊब देऊन ठिसूळपणा काढतो. ही दुसरी ऊब साधारण तीनशे अंशांच्या आतबाहेरची. चुलीतले निखारे सहज सहाशेच्या पुढे जातात, म्हणजे आजोबांच्या लोहारानं दिलेलं पाणी पाच मिनिटांत उतरलं. ग्राइंडरचंही तेच. कडेला निळा रंग धावला आणि पुढे राखाडी झाला की तेवढी धार मेली.

दांडा काढायला करवतीनं पात्यालगत कापा, उरलेल्या लाकडात ड्रिलनं चार-पाच भोकं पाडा आणि नेढ्याच्या, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाच्या, अरुंद बाजूनं बोथट बोल्ट ठोकून खुंटी बाहेर काढा. वाळवीनं अर्धं काम केलेलंच आहे.

मग पातं दोरीला टांगून हातोडीनं हलकेच वाजवा. टण्ण वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर नेढ्याच्या कडेला चीर शोधा. चीर सापडली तर ती कुऱ्हाड भिंतीवर लावा, तिला दांडा घालू नका. मागचा माथा घणासारखा वापरून फुलला असेल तर त्या कडा कानशीनं उतरवा, त्यांच्या ठिकऱ्या डोळ्यात उडतात.

गंजाला साधं व्हिनेगर पुरतं. एक रात्र बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून आम्ल मारा, लगेच कोरडं करून तेल पुसा. तांब्याच्या भांड्यांसारखी चिंचही चालते, पण वेळ फार घेते. या अंघोळीत एक गंमत दिसते. जुन्या कुऱ्हाडींचं अंग मऊ लोखंडाचं आणि तोंडाला पोलादाची पट्टी भरलेली असते. आम्लातून काढल्यावर पोलाद काळपट पडतं आणि दोन्हींच्या सांध्याची रेघ उमटते. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेल्या अलीकडच्या पात्यात तसा सांधा नसतो. लोहाराची छाप दिसली तर तिथे ब्रश जपून.

धारेवर कानस फिरवून बघा. जोर लावल्यावर थोडीशी चावली तर पाणी शाबूत. लोण्यासारखी चावली तर पाणी उतरलंय. मग लोहाराकडून शेवटून, म्हणजे तोंड तापवून ठोकून, नव्यानं पाणी देऊन आणा. शाबूत असेल तर कानशीनंच आकार द्या, शेवटी कुरुंदाचा दगड. धार चाकूसारखी पातळ करू नका, गाल किंचित फुगीर राहू द्या, नाहीतर बाभळीच्या पहिल्याच गाठीला तुकडा उडेल.

यापुढे खरं काम, दांड्याचं. संगमनेरजवळ जोर्व्याला तांब्याच्या सहा सपाट कुऱ्हाडी मिळाल्या होत्या. संकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी १९५०-५१ मध्ये नाशिकबरोबरच तिथेही उत्खनन केलं. त्या कुऱ्हाडींना नेढंच नाही. दांडा कसा बांधत असतील हा विचार मी पाचर ठोकताना नेहमी करतो.

लाकूड धामणाचं मिळालं तर सोनं, लवचीक असतं आणि हाताला झणका देत नाही. तिवसही उत्तम. वखारीत दोन्ही क्वचित मिळतात, बाभूळ मात्र कुठेही. साग घेऊ नका, दिसायला देखणा पण फटक्याला तडकतो. रेषे टोकापासून टोकापर्यंत सलग हवेत, मधेच कडेला निघून जाणारे नकोत. लांबीला जुनं माप: पातं मुठीत धरून हात सरळ केला की दांड्याचं टोक काखेत यावं.

लाकूड वाळलेलंच हवं, आणि इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. पहिला दांडा ऐन श्रावणात बसवला, ओलसर बाभळीचा. इतका घट्ट की फोटो काढून भावाला पाठवला. मार्चमध्ये गावी लाकूड फोडताना पातं सुटलं आणि पाण्याच्या टाकीवर आदळलं. समोर कुणी नव्हतं म्हणून हे लिहितोय. नाशिकचा पावसाळा लाकूड फुगवतो, उन्हाळा ते सुकवून आवळतो. दांडा फाल्गुन-चैत्रात बसवा. आणि सैल झाला की रात्रभर पाण्यात ठेव, असं गावात कुणीही सांगेल. तो उपाय दोन दिवसांचा. फुगलेले रेषे लोखंडाला दाबून चिरडतात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा जास्त हलतो.

नेढं नीट बघा. काही गावठी कुऱ्हाडींत दांडा टिकावासारखा वरून ओवतात; वरचं टोक जाड असतं, पाचर लागत नाही. तुमचं नेढं मधे आवळलेलं आणि वरच्या बाजूला पुन्हा रुंद होत असेल तर पाचरीचं. दांडा खालून घाला, डोक्याला नेढ्याच्या दोन तृतीयांश खोलीची खाच करवतीनं पाडलेली असू द्या. मग कुऱ्हाड हवेत उलटी लटकती धरून दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडा मारत राहा. पातं जड, ते जागचं हलत नाही, दांडाच त्यात चढत जातो. पहिल्यांदा बघताना खोटं वाटतं. जिथे घासेल तिथे काळा डाग पडेल, तेवढंच तासा, पुन्हा ठोका. माझा एक रविवार यातच जातो. शेवटी वाळल्या लाकडाची पाचर, आणि दांडा वर चार-पाच मिलिमीटर बाहेर राहू द्या.

व्हार्निश लावू नका, घामट हाताला फोड येतात. जवसाचं तेल पातळ हातानं तीन-चार वेळा चोळा. तेलाची चिंधी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

हे झालं की पुढच्या होळीच्या आसपास एकदा पातं हलवून बघा. कट्‌ कट्‌ आवाज आला तर दुसरी पाचर ठोका, पाण्यात घालू नका.