गोव्याची गाडी, मनालीची थंडी

प्रश्न: आमची डिझेल गाडी सात वर्षांची आहे. डिसेंबरच्या अखेरीस ती साखळीहून मनालीला चालवत नेण्याचा विचार आहे. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होते आणि गाडीने आजवर कधी त्रास दिलेला नाही. मेकॅनिक म्हणतो, वेगळे काही करायला नको. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, साखळी

उत्तर: आपल्या मेकॅनिकच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, की मला हे पटत नाही. गोव्याच्या हवेत वर्षानुवर्षे झाकून राहणारे दोष तिथल्या एका रात्रीत उघडे पडतात, आणि तेव्हा आपण मुलाबाळांसह बर्फात उभे असतो. म्हणून तपासणी इथेच, निघण्यापूर्वी निदान पंधरा दिवस आधी करून घ्यावी.

सर्वांत आधी रेडिएटर पाहावा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, कमी झाले की नळाचे पाणी ओतण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि इथे पाणी गोठण्याचा प्रश्नच नसल्यामुळे ती खपून जाते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, आणि त्या दाबाने रेडिएटरच काय, इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकू शकतो. जुने पाणी पूर्ण काढून, आतला भाग धुऊन, आपल्या गाडीला चालणारे इथिलीन ग्लायकोलचे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. असे मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. पाणी न घालता नुसते कूलंट भरणे अधिक सुरक्षित, हा समज चुकीचा आहे, कारण शुद्ध ग्लायकोल उणे 13 अंशांच्या सुमारासच गोठते. बाजारात तयार मिश्रणही मिळते; त्यात मात्र पुन्हा पाणी घालू नये.

बॅटरी गोव्याच्या उष्णतेने झिजते, पण ती झीज कळते थंडीत. उणे 18 अंशांना बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. मनालीत सहसा एवढा पारा उतरत नसला, तरी घटलेली ताकद आणि घट्ट झालेले ऑइल एकत्र आले, की जुनी बॅटरी डिझेल इंजिन फिरवू शकत नाही. बॅटरीला तीन वर्षे झाली असतील तर लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन तिच्या ताकदीची तपासणी, करावी. त्याच वेळी ग्लो प्लगही (थंड डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी ते आतून तापवणारे भाग) तपासावेत, कारण त्यांतील एखादा जळाला असला तरी इथल्या हवेत गाडी बिनतक्रार सुरू होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

डिझेलकडे बहुतेकांचे दुर्लक्षच होते. थंडीत त्यातील मेण गोठून फिल्टर तुंबतो. भारतीय मानकांनुसार फिल्टर तुंबण्याची तापमान-मर्यादा उन्हाळी डिझेलसाठी 18 अंश, तर हिवाळी डिझेलसाठी 6 अंश आहे. त्यामुळे दक्षिणेकडे भरलेले डिझेल पहाडात नेऊ नये. ते वाटेतच संपवत जावे, उत्तरेत पोहोचल्यावर हिवाळी डिझेल विचारून भरावे आणि पारा शून्याखाली जाणार असेल त्या रात्री गाडी शक्यतो आडोशाला उभी करावी. जुने चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळतात, पण आजच्या उच्चदाबाच्या पंपांचे त्याने नुकसान होते. तो उपाय करू नये.

टायरमधील हवा थंडीने कमी होते, उंचीवर मापकात थोडी वाढलेली दिसते. म्हणून तिथे पोहोचल्यावर सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, ती पुन्हा मोजावी. गोठवणाऱ्या रात्री ओला हँडब्रेक अडकून बसतो, तेव्हा सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. काचेवरच्या बर्फावर गरम पाणी कधीही ओतू नये. बर्फ पडत असताना चाकांना लावायच्या साखळ्यांशिवाय वर जाण्याचा आग्रह धरू नये. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी असेल, तर साखळ्या पुढच्याच चाकांना लावाव्यात.

प्रश्न: वाळपईहून पहाटे बेळगावला जाताना चोर्ला घाटात काच आतून धुरकट होते. एसी बंद ठेवूनही फरक पडत नाही.
– एक वाचक, वाळपई

उत्तर: एसी बंद ठेवल्यामुळेच तसे होते. आपल्या श्वासातील बाष्प थंड काचेवर जमते आणि एसी हवेतील तेच बाष्प काढून घेतो. म्हणून एसी चालू ठेवून तापमानाचा खटका गरमकडे फिरवावा, वाऱ्याचा झोत काचेवर घ्यावा आणि आतली हवा फिरवत ठेवण्याऐवजी बाहेरची आत येऊ द्यावी. गोव्यात गरम हवेचा खटका वर्षभर कोणी हलवत नाही, त्यामुळे तो अडकलेला तर नाही ना, हे घरीच पाहून घ्यावे. काच आतून स्वच्छ पुसलेली असली, तर बाष्प कमी धरते.