रेस्टनमधलं झाडीतलं घर आल्या आल्या घ्यावं का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. जानेवारीत इथे व्हर्जिनियात, वॉशिंग्टन डी.सी.जवळच्या हर्नडनच्या ऑफिसात रुजू होताय, सोबत पत्नी आणि आठ वर्षांची लेक, आणि आई वर्षातले चार-पाच महिने येऊन राहणार. कोथरूडचा फ्लॅट विकायला काढलाय. जवळच्याच रेस्टनमधल्या १९७२ सालच्या एका घराचे, त्याच्यामागच्या ओक झाडांचे फोटो पाहून तुम्ही दोघं हरखून गेलात. इकडचे मित्र मात्र सांगतात, जुन्याच्या फंदात पडू नका, अ‍ॅशबर्नला नवं कोरं घ्या. मग काय करावं, असं विचारलंत.

घर झाडीतलंच घ्या. पण पहिल्या वर्षी घेऊ नका. वर्षभर त्याच भागात भाड्यानं राहा, एक फॉल, म्हणजे पानगळ, आणि एक हिवाळा डोळ्यांखालून जाऊ द्या, मग सही करा. आम्ही २०१३ मध्ये इथे १९७४ चं घर घेतलं आणि आजही ते मला फार प्रिय आहे. म्हणूनच त्यात तुम्ही नीट डोळे उघडे ठेवून यावं असं वाटतं.

आधी उजेडाचं सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. आम्ही घर पाहिलं ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. झाडांवर पान नव्हतं, मागच्या खोलीत लख्ख ऊन होतं, आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की तुळस इथेच ठेवायची. जूनमध्ये पानं भरली आणि त्या खोलीत ऊन उरलं जेमतेम तासभर. तुळस लांबट, फिकट झाली, पानं बोटाच्या पेराएवढीही होईनात. आता ती मेपासून ड्राइव्हवेच्या कडेला असते, जिथे दुपारचं ऊन येतं, आणि ऑक्टोबरात थंडी पडायच्या आत घरात घेते. उत्तरेकडच्या डेकवर, म्हणजे घराला जोडलेल्या लाकडी ओट्यावर, शेवाळ धरतं. वाळवणं विसराच. उलट हिवाळ्यात पानं गेली की शेजारच्यांच्या खिडक्या दिसतात आणि डलस टोल रोडचा घोंघाट, जो उन्हाळ्यात जाणवतही नाही, तो पहाटे अंथरुणात ऐकू येतो. एकच घर जुलैत आणि जानेवारीत दोन वेगळी घरं असतात. दोन्ही पाहूनच पैसे मोजा.

रेस्टन हे मुळात एका माणसाच्या डोक्यातून आलेलं गाव. रॉबर्ट ई. सायमन यांनी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या विक्रीतून आलेल्या पैशांतून १९६१ मध्ये इथली ६,७५० एकर जमीन घेतली. गावाच्या नावातली आर. ई. एस. ही त्यांचीच आद्याक्षरं. डिसेंबर १९६४ मध्ये पहिली कुटुंबं लेक अ‍ॅन या तळ्याच्या काठी राहायला आली. तेव्हा व्हर्जिनियात वर्णभेद होता, पण रेस्टन पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुलं होतं. तळ्याकाठच्या चौकात बाकावर बसलेला सायमन यांचा ब्राँझचा पुतळा आहे, लेकीला तिथे नक्की न्या. हे सांगायचं कारण असं की इथली झाडी आपोआप उरलेली नाही. घरं बांधताना ठरवून राखलेली आहे, आणि ती तशीच राहावी म्हणून नियम आहेत. ते नियम घरासोबत तुमच्या गळ्यात येतात.

रेस्टन असोसिएशन या घरमालकांच्या संघटनेची वार्षिक वर्गणी आहेच. बहुतेक ठिकाणी तुमच्या क्लस्टरची, म्हणजे आसपासच्या घरांच्या गटाची, वेगळी मासिक वर्गणी त्यावर. दाराचा रंग, कुंपण, खिडक्यांचा आकार, डेक, ठरावीक जाडीहून मोठं जिवंत झाड तोडणं, या सगळ्याला डिझाइन रिव्ह्यू बोर्डाची परवानगी लागते. मला हे नियम पटतात. ते नसते तर ही झाडं केव्हाच गेली असती. पण विकत घेताना एक कागद जिवापाड वाचा: रिसेल सर्टिफिकेट. घरावर कुठलं नियमभंगाचं प्रकरण उघडं आहे, वर्गणी थकली आहे का, क्लस्टरच्या राखीव निधीत किती शिल्लक आहे, ते त्यात असतं. तो हातात पडल्यापासून, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, तीन दिवसांत तुम्ही व्यवहार मोडू शकता. आमच्या आधीच्या मालकांनी मागच्या डेकला परवानगीशिवाय जिना जोडला होता. कागदात होतं, आम्ही घाईत पान उलटलं, आणि तो जिना काढायचा खर्च आमच्या माथी आला. व्हर्जिनियात घरातले दोष शोधणं ही बरीचशी घेणाऱ्याची जबाबदारी आहे, विकणारा फारसं काही सांगायला बांधील नाही.

आता झाडांविषयी सविस्तर. घराचं इन्स्पेक्शन सगळे करतात. झाडांचं कोणी करत नाही. इथल्या आवारात ओक, ट्यूलिप पॉप्लर, बीच, स्वीटगम अशी झाडं, काही शंभर फुटांकडे जाणारी, आणि त्यांची सावली थेट छपरावर. इन्स्पेक्टर छप्पर पाहील, त्यावर झुकलेली फांदी पाहणार नाही. म्हणून ऑफर मान्य झाली की इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बरिकल्चरचं प्रमाणपत्र असलेला आर्बरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ, वेगळा बोलवा. आम्ही बोलावला तो घर घेतल्यानंतर दोन वर्षांनी, आणि तोही मागच्या ओकच्या बुंध्याशी तपकिरी, लाखेसारखी चकचकीत छत्री उगवली म्हणून. मला ती सुंदर वाटली होती, फोटोही काढला होता. त्या माणसानं खिशातून रबरी हातोडी काढली आणि खोडाभोवती फिरत ठोकत गेला. तीन बाजूंनी आवाज भरीव. चौथ्या बाजूला, घराकडच्या, नारळ ठोकल्यासारखा पोकळ. छत्री म्हणजे मुळं कुजवणारी बुरशी. पानं तर वर हिरवीगार होती. ते झाड लेकाच्या खोलीच्या बरोबर वर होतं. परवानगी काढून ते उतरवायला ३,८०० डॉलर लागले, आणि त्या दिवशी मी खिडकीशी उभी राहून रडले, हेही खरं. बुंधा अजून आहे, त्यावर आता फर्न आहे.

२९ जून २०१२ च्या रात्री देरेचो नावाचं सरळ रेषेत धावणारं वादळ या भागावरून गेलं. झाडं तारांवर पडली आणि पुष्कळ घरांत भर उन्हाळ्यात दिवसचे दिवस वीज नव्हती. फ्रिज, एसी, सगळं बंद. तेव्हा घर पाहताना वीज जमिनीखालून येते की खांबावरून, हे विचारा. शेजारचं धडधाकट झाड वादळात तुमच्या घरावर पडलं तर भरपाई साधारणपणे तुमचाच विमा देतो, शेजाऱ्याचा नाही. झाड वाळलेलं होतं आणि शेजाऱ्याला लेखी कळवलं होतं असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी, म्हणून कळवायचं ते ईमेलनं. याच फेअरफॅक्स काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) एका स्वीटगमच्या मुळांनी शेजारची भिंत फोडली, ते प्रकरण व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २००७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की शेजाऱ्याच्या झाडानं प्रत्यक्ष नुकसान होत असेल तर कोर्टात दाद मागता येते. तोपर्यंत या राज्यात अशा माणसाच्या हाती फारसं काही नव्हतं.

जमिनीखालचंही पाहा. साठ-सत्तरच्या दशकातल्या घरांचे मैलापाण्याचे पाइप जुने, आणि मुळांना पाण्याचा वास बरोबर लागतो. नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये हे येत नाही, कॅमेरा वेगळा सोडावा लागतो. आमच्या पाइपात सांध्यावर मुळांचा पुंजका दिसला, न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या केसांच्या गुंत्यासारखा. हे मात्र आम्ही आधी केलं होतं, त्यामुळे दुरुस्ती विकणाऱ्याकडून करून घेता आली. बाकी थोडक्यात: १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो, लेक लहान आहे तेव्हा चाचणी करा. तळघरात रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू मोजा, ४ पिकोक्युरी प्रति लिटरच्या वर आला तर पंखा बसवावा लागतो, तो बसतो आणि प्रश्न संपतो. वाळवीची तपासणी करा. अ‍ॅल्युमिनियमचं वायरिंग आणि ब्रेकरचं जुनं पॅनेल असेल तर इलेक्ट्रिशियनकडून भाव आधीच घ्या.

गोचिडीचं मात्र थोडक्यात सोडणार नाही. इथे हरणं अंगणात येतात, लेकीला फार आवडेल. पण त्यांच्यासोबत गोचिडी येतात आणि त्यांच्यातून लाइम नावाचा आजार. एप्रिल ते ऑक्टोबर रोज संध्याकाळी, आंघोळीच्या वेळी, गुडघ्यामागे, काखेत, केसांत कानाच्या मागे बघायचं. आमच्याकडे हा दिवेलागणीसारखा रिवाज झाला आहे.

पैशाचं. नव्यानं आलेल्याला इथे क्रेडिटचा इतिहास नसतो, भारतातला कितीही चांगला असला तरी बहुतेक बँका तो धरत नाहीत. भाड्याच्या वर्षात तो तयार होतो, हाही थांबण्याचा फायदा. एफएचए या सरकारी संस्थेच्या हमीचं कमी डाउन पेमेंटचं कर्ज २५ मे २०२५ पासून एच-१बी, एल-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्यांना मिळत नाही. नेहमीचं कर्ज मिळतं, २० टक्के भरलेत तर कर्जावरचा वेगळा विमाही लागत नाही. फ्लॅटचे पैसे निघण्यापूर्वी पाठवणार असाल तर निवासी म्हणून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. एनआरआय झाल्यावर एनआरओ, म्हणजे एनआरआयच्या भारतातल्या, खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, सीएच्या प्रमाणपत्रासह. दोन्हींत कागदांना आठवडे जातात आणि इथला लेंडर प्रत्येक मोठ्या रकमेचा उगम विचारतो, तेव्हा विक्रीचा दस्त सांभाळून आणा. आठ लाख डॉलरच्या घरावर काउंटीचा मालमत्ता कर वर्षाला नऊ हजार डॉलरच्या आसपास धरा, जुलै आणि डिसेंबर अशा दोन हप्त्यांत. आणि व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर नवी शोधायला हातात जास्तीत जास्त साठ दिवस. सहा महिन्यांचा हप्ता बाजूला असल्याशिवाय घर घेऊ नका, हे मी आमच्या धाकट्या दिरालाही असंच बजावलं होतं.

तरीही अ‍ॅशबर्न न सुचवता मी रेस्टन म्हणते, ते तुमच्या आईंमुळे. अ‍ॅशबर्नला घरं नवी, मोठी, आपली माणसं आणि किराणा भरपूर, मेट्रोही २०२२ पासून आहे. पण गाडी न चालवणारं माणूस तिथे घरात अडकतं. माझ्या सासूबाई इथे येतात तेव्हा सकाळी शाल घेऊन एकट्या निघतात. रेस्टनमध्ये पन्नास मैलांहून जास्त पायवाटा आहेत, आणि अनेक ठिकाणी त्या मोठ्या रस्त्यांखालून बोगद्यातून जातात, रस्ता ओलांडावाच लागत नाही. सासूबाई लेक अ‍ॅनपर्यंत जातात, बाकावर बसतात, परत येतात. इंग्रजी दोन शब्द येतं, पण वाटेतल्या तीन कुत्र्यांची नावं त्यांना पाठ आहेत. सातारला त्या घराबाहेर जितक्या पडत नाहीत तितक्या इथे पडतात.

फक्त घराचे फोटो पुन्हा नीट पाहा. १९७२ ची इथली बरीच घरं स्प्लिट-लेव्हल असतात: दारातून आत गेलं की अर्धा जिना वर, अर्धा खाली, आणि स्वयंपाकघराच्या पातळीवर झोपायची खोली नाही. आईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांची खोली, न्हाणी आणि चहा एका पातळीवर असेल असं घर शोधा, भाड्याचं असो की विकतचं. जानेवारीत आलात की पहिला शनिवार मोकळा ठेवा, मी तुम्हाला त्या ओकच्या घरावरून पायी घेऊन जाईन. तेव्हा पानं नसतील, छपरावरच्या फांद्या स्पष्ट दिसतील.