एका अक्षराचे दोन उच्चार, घोकण्याआधी

दुहेरी उच्चारांच्या चिनी अक्षरांची यादी घोकू नका, आधी नातं शोधा. तिसऱ्या स्वरात (स्वर म्हणजे इथे उच्चारातला आवाजाचा चढउतार) ‘हाव’ म्हणजे चांगलं, चौथ्यात आवड असणं. ‘झोंग’ तिसऱ्यात बी, चौथ्यात पेरणं. ‘शू’ तिसऱ्यात मोजणं, चौथ्यात संख्या. प्राचीन चिनीत शब्दाला शेवटी ‘स्’ जोडून नवा शब्द घडे. तो ‘स्’ झिजला नि चौथा स्वर उरला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला हे फार सुंदर वाटतं!

रक्ताचं अक्षर मात्र वेगळं: ‘श्वे’ ग्रंथातला, ‘श्ये’ बोलीतला. असे उच्चार शब्दासकटच शिका. अडलंच तर चीनची 1985 ची अधिकृत उच्चारसूची प्रमाण माना. तैवानमध्ये काही उच्चार निराळे आहेत.