नाना गप्प का झाले?

"वडील घरात बोलेनासे झालेत. विचारलं एक तर सांगतात भलतंच. हे वयामुळेच ना, मॅडम?"

जळगावला माझ्याकडे येणारी मुलं-सुना हे नेहमी विचारतात. उत्तर बहुतेकांनी मनात आधीच ठरवलेलं असतं. चोपडा तालुक्यातल्या एका केळी-कापूसवाल्या घराचा अनुभव, त्यांच्या परवानगीनं आणि ओळख बदलून, इथे सांगते.

नानांनी सत्तरी ओलांडलेली. मुलगा त्यांना घेऊन आला तो विसराळूपणाची तक्रार सांगायला. मी नानांना विचारलं, "झोप लागते का?" मुलगा म्हणाला, "लागते, दुपारीही झोपतात." "जेवण?" "अर्धी भाकर, बस." नाना मांडीवरच्या टोपीची घडी घालत होते, मोडत होते, आणि माझ्या ओठांकडे बघत होते.

मुलाला बाहेर बसायला सांगितलं, खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि सावकाश बोलले. तेव्हा पहिलं वाक्य आलं, "माले कोन इचारस आते?"

दोन वर्षांपूर्वी ठिबकच्या नळीत पाय अडकून ते पडले होते. हाड मोडलं नाही, पण शेतात जाणं त्या दिवसापासून बंद झालं. व्यापारी मुलाशी बोलतो, केळीचा भाव मोबाईलवर येतो. घडाकडे बघून वजन सांगणाऱ्या या माणसाला मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीची, कटाई झाल्याचं शेजाऱ्याकडून कळलं! यात मुलाचा दुष्टपणा नव्हता. बापाला आराम मिळावा, एवढंच त्याला वाटत होतं. पण असा आराम माणसाला आतून खातो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

नानांचं पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं होतं. "माझा बाप ओट्यावर बसूनच गेला. त्यालाही आम्ही काही विचारत नव्हतो." म्हातारपण कसं असतं हे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं होतं, आता स्वतःला त्यात बसवत होते. येल विद्यापीठाच्या बेक्का लेव्ही यांनी 2002 साली अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या 660 जणांचा अभ्यास मांडला. स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेनं बघणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. नुसत्या विचारानं आयुष्य वाढतं असा याचा सरळ अर्थ काढू नये, पण घराघरांतल्या बोलण्याचा परिणाम किती खोल जात असेल, याचा अंदाज येतो.

आधी तपासण्या करायला पाठवलं: कान, बी-12, थायरॉइड आणि मानसोपचारतज्ज्ञांकडून स्मरणशक्तीची चाचणी. स्मृतिभ्रंश निघाला नाही. निघाला तो कानांचा दोष. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आवाज पोचतो, पण शब्द निसटतात. त्यात टीव्ही, मिक्सर, चौघांची बडबड. मग माणूस भलतंच उत्तर देतो, घरचे हसतात, आणि तो बोलणंच सोडतो. सोबत सौम्य नैराश्यही होतं. उतारवयात ते रडण्यातून दिसेलच असं नाही. भूक मंदावते, अंग दुखतं, चिडचिड होते.

"लोक बहिरा म्हणतील" म्हणून श्रवणयंत्राला नानांनी महिनाभर नकार दिला. लावल्यावर भांड्यांचा आवाज नको झाला, तो हळूहळू सवयीचा झाला. घरच्यांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. स्वयंपाकघरातून हाक मारून बोलायचं नाही, समोर येऊन बोलायचं. आणि नानांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणी द्यायचं नाही.

तिसरी गोष्ट अवघड होती, खरं काम देणं. सुनेनं भाजी आणायला सांगितली, तर ते रागावले. आपल्याला गुंतवून ठेवण्यासाठी दिलेलं काम म्हातारा माणूस लगेच ओळखतो. शेवटी त्यांनीच मागितलं, "माल भरताना काट्यावर मी थांबेन." आता हिशेबाची वही त्यांच्याकडे आहे आणि बापलेकांचे खटके उडतात. मुलगा वैतागून सांगत होता, मला मात्र ऐकून बरं वाटलं.

तुमच्या घरी कुणी असं गप्प झालं असेल, तर आधी कान तपासून घ्या. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. रोजचा रस्ता चुकणं, पैशांचा व्यवहार न जमणं वेगळं, तिथे डॉक्टरांकडे लवकर जा. आणि "आता जगून काय करू" असं कुणी म्हणालं, तर म्हातारपणाचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी शेजारी बसून बोला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.