वाचकांचे प्रश्न : मालदीवचं पर्यटन सावरलं, हे मोजायचं कसं?

प्रश्न : मालदीवमध्ये २०१९ साली १७ लाख ३ हजार पर्यटक आले होते, २०२३ साली १८ लाख ७८ हजार. कोविडची कसर भरून निघालीच की! मग विमानतळावर परतणाऱ्यांकडून खर्चाची प्रश्नावली कशाला भरून घ्यायची? आणि घ्यायचीच तर हॉटेलात का नको?
– अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : भरून निघाली ती डोक्यांची संख्या. माणसामागे बेटावर किती पैसा उतरला, हे इमिग्रेशनच्या नोंदीत नसतं. येताना विचारलं तर पर्यटक खर्चाचा नुसता अंदाज सांगतो; परतताना बिलं त्याच्या फोनमध्येच असतात.

हॉटेलात विचारण्यात वेगळीच खोट आहे. दोन रात्री राहणारे आणि दहा रात्री राहणारे सारख्याच संख्येने येत असले, तरी कुठल्याही एका दिवशी हॉटेलात दुसऱ्या प्रकारचे पाहुणे पाचपट सापडतील. परतीच्या दाराशी मात्र प्रत्येक जण एकदाच येतो.

पण या दारातही फसगत होते. मालदीवमधली सीप्लेन फक्त उजेडी उडतात. त्यामुळे दूरच्या रिसॉर्टमधला रात्रीच्या विमानाचा प्रवासी मालेजवळच्या वेलाना या मुख्य विमानतळावर बरेचदा तासन् तास बसून असतो. माफुशी बेटावरच्या स्वस्त गेस्टहाऊसमधून स्पीडबोटीने आलेला मात्र थेट गेटकडे पळतो. प्रगणकाने निवांत दिसेल त्याला गाठलं, की नमुन्यात महागडे रिसॉर्टवाले वाढतात आणि सरासरी खर्च फुगतो. म्हणून गेटच्या रांगेत मोजून दर दहावाच माणूस घ्यावा, कुटुंबामागे एकच फॉर्म भरावा आणि नकार देणाऱ्यांचीही नोंद ठेवावी. दिवसाची, रात्रीची, शनिवार-रविवारची अशी सगळी उड्डाणं यादीत हवीत.

सर्वांत जास्त घोळ पॅकेजमध्ये होतो. समजा, पर्यटक म्हणाला, ‘चार हजार डॉलर, पाच रात्री.’ तेवढंच लिहून घेतलं तर रात्रीमागे ८०० डॉलर पडतात. पण ती रक्कम दोघांची असेल आणि त्यात १,५०० डॉलर विमानभाडं असेल, तर उरतात २,५००. त्याला दहा माणूस-रात्रींनी (दोन माणसं गुणिले पाच रात्री) भागलं की २५०. म्हणून पॅकेज कितीचं, किती जणांचं, विमानभाडं त्यात आहे का आणि तिथे वरखर्च किती झाला, हे चारही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. शेवटी सगळ्यांच्या खर्चाच्या बेरजेला सगळ्या माणूस-रात्रींच्या बेरजेने भागावं. प्रत्येकाची सरासरी काढून तिची पुन्हा सरासरी काढू नये.

प्रश्न : फॉर्म किती भरावे लागतात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : टक्केवारीत पाच टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल, तर साधं गणित ३८५ म्हणतं. पण एका विमानातले प्रवासी एकमेकांसारखे असतात, म्हणून दीडपट करून ५७८ धरावेत. शंभरातले साठच उत्तर देतील असं मानलं, तर सुमारे ९६५ जणांना विचारावं लागेल. भारतीय, चिनी, रशियन असे वेगळे आकडे हवे असतील तर प्रत्येक गटासाठी एवढीच तयारी हवी. नंतर प्रत्यक्ष आलेल्यांच्या देशवार संख्येनुसार प्रत्येक देशाच्या उत्तरांना भार, म्हणजे कमी-जास्त वजन, द्यायला विसरू नये.

प्रश्न : मालदीवच्या उपमंत्र्यांनी पंतप्रधान मोदींवर केलेल्या शेरेबाजीवरून जानेवारी २०२४ मध्ये वाद झाला, त्यानंतर आपले लोक तिकडे जायचे कमी झाले. ते या पाहणीत दिसतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जो गेलाच नाही तो परतीच्या रांगेत कसा सापडेल? २०२३ मध्ये भारत मालदीवच्या पाहुण्यांत पहिला होता. नंतरची घट इमिग्रेशनच्या नोंदीत दिसते, तिचं कारण इथल्या लोकांनाच विचारावं लागेल. पाहणीत दिसतो तो मिश्रणातला बदल. समजा, रिसॉर्टवाला रात्रीमागे ४०० डॉलर खर्चतो आणि गेस्टहाऊसवाला १००. रात्रींचं प्रमाण ७०:३० असताना सरासरी ३१०, ५०:५० झालं की २५०. कुणीही हात आखडता घेतला नाही, तरी सरासरी पडली! म्हणून दोन्ही गट वेगळे छापावेत.

तुलना कशाशी करतो, हेही बघायला हवं. त्सुनामीनंतर २००५ मध्ये ३ लाख ९५ हजार पर्यटक आले, २००६ मध्ये ६ लाख २ हजार. वाढ ५२ टक्के. तरीही संख्या २००४ च्या ६ लाख १७ हजारांपर्यंत पोचली नव्हती. तुलना संकटापूर्वीच्या त्याच महिन्याशी करावी आणि प्रश्नाची शब्दरचना तेव्हा होती तीच ठेवावी.